मैदान भरलं आहे

मुलांनो, जरा डोळे मिटा. समजा, तुम्ही दहा वर्षांचे आहात. घरात तुम्ही आणि आजी, दोघंच. आजीचे पाय गेलेले. आणि जमीन कधी हलेल, याचा नेम नाही.

आता डोळे उघडा. पुढचं समजायचं नाही, ते घडलेलं आहे. ताजिकिस्तानात, रश्त खोऱ्यातल्या दश्तक गावी. सफरचंदं उतरवायचे दिवस, सकाळचे दहा. मुलीचं नाव मेहरांगेज.

तिथल्या शिक्षकांनी, मुअल्लिम नुसरत यांनी, भूकंपासाठी गावाचा नकाशा टॅबवर केला होता. प्रत्येक माणसाच्या फोनचा एक ठिपका. भोंगा वाजला की सगळ्यांनी खालच्या मैदानात जमायचं. तेवढी मोकळी, सपाट जागा गावात दुसरी नव्हती.

ती मोकळी का राहिली, हे शहरातून आलेल्या मुअल्लिमांनी विचारलंच नव्हतं.

जुनं गाव तिथंच, भूकंपात समोरच्या डोंगरावरून कोसळलेल्या दरडीखाली गाडलं गेलं होतं.

"आमची माणसं आहेत खाली," मेहरांगेजची आजी, बीबी सनोबर, म्हणायची. "त्यांच्या डोक्यावर उभी राहू? त्यापेक्षा तुझ्या त्या पाटीला सांग, मला चहा आणून दे."

त्या दिवशी सराव होता. टॅब हातात घेऊन ठिपके मोजायचं काम मेहरांगेजकडे.

भोंगा अजून वाजायचा होता...

मैदानात एक ठिपका उमटला.

मग दहा... मग तीनशे.

सगळे ओळीत. गल्ल्यांमधल्या घरांसारखे.

नकाशावर अक्षरं आली : मैदान भरलं आहे.

तिनं खिडकीतून पाहिलं. मैदानात चिटपाखरू नव्हतं.

भोंगा वाजला. लोक हसत-बोलत खाली निघाले. आणि ते ठिपके...

ते मैदान सोडून वर पळत सुटले. टेकडीकडे.

ती धावत मुअल्लिमांकडे गेली. तोवर टॅबवर काहीच उरलं नव्हतं. यंत्र कधी कधी चुकतं, असं त्यांनी तिला मायेनं समजावलं. दुसरी जागा नव्हती, म्हणून नकाशा तसाच राहिला.

जमीन त्या दिवशी हलली नाही. अजूनही हललेली नाही. मला त्याचीच धास्ती वाटते.

घरी तिनं सगळं सांगितलं.

"मग तू टेकडीवर पळायचं," बीबी म्हणाली. "माझ्यासाठी थांबायचं नाही. कळलं?"

बीबी बसली होती त्या गादीला मेहरांगेजनं दोर बांधला आणि दाराकडे ओढला.

गादी वीतभरही सरकली नाही.

"सोड गं, वेडे. बोटं कापतील."

मेहरांगेजनं तळहातांवर थुंकून दोर पुन्हा घट्ट धरला.