चार नंबरचा आवाज

"तीन नंबर, दाराच्या डावीकडे. दोन नंबर, खिडकी. चार नंबर, तू फाटकावरच थांब." सम्यकने फटाफट हुकूम सोडले.

"चार नंबरला कायम फाटकावर का ठेवतोस रे? त्याने काय घोडं मारलंय तुझं?" मेघनाने विचारलं.

"मागून कोणी येऊ नये म्हणून. स्ट्रॅटेजी म्हणतात त्याला."

"कालची स्ट्रॅटेजी बघितली मी. सगळे खपले."

"गप बसा ना यार," सूरज वैतागला. "आधीच मला एका कानाने ऐकू येतंय."

त्याचं खरं होतं. हेडफोन एक आणि खेळाडू तीन. एक कान सम्यकचा, एक सूरजचा, आणि मेघना पाळीची वाट बघत ताटकळलेली. पण आवाज मोठा करायची सोय नव्हती. बाहेरच्या खोलीत सम्यकचे आजोबा, आबा, दुपारचे झोपले होते आणि आबांची झोप मोडणाऱ्याची धडगत नसे.

ठाकुर्लीच्या त्या चाळीतलं सम्यकचं घर दोन खोल्यांचं. घराला रंग द्यायचा म्हणून पोटमाळा रिकामा केला, तेव्हा तो जुना कॉम्प्युटर खाली आला. पिवळट पडलेला, कुशीवर 'जय भीम'चं स्टिकर असलेला डबा, पोट सुटलेला मॉनिटर आणि कीबोर्ड. कीबोर्डवरचं डब्ल्यूचं बटण कधीच पडलेलं. त्याच्या जागी कोणीतरी शर्टाचं निळं बटण चिकटवलं होतं. पुढे चालायचं ते ह्याच बटणाने, त्यामुळे मागच्या पिढीतले वीर कुठल्या दिशेला जास्त धावले ते उघडच होतं.

कॉम्प्युटर सुरू केला शेजारच्या सूरजने. त्याने डबा उघडला, धूळ झटकली, आतली मेमरीची पट्टी खोडरबरने घासली आणि लटपटणारी हार्ड डिस्क आपल्या शाळेच्या बुटाच्या पांढऱ्या लेसने बांधून टाकली. आणि मग पडद्यावर 'ग्रे पेट्रोल-२' अशी अक्षरं उमटली.

सुट्टीसाठी घोडबंदर रोडवरून मामाकडे आलेल्या मेघनाने आधी नाक मुरडलं होतं. तिच्या फोनवर याहून दसपट चकाचक गेम होते. पण या गेममध्ये एक गंमत निघाली. पहिल्या भागात म्हणे एकट्यानेच लढायचं असे. या दुसऱ्या भागात मात्र चौघांची तुकडी. आपण एक नंबर. बाकी तिघांना कुठे उभं करायचं, कोणी कोणाची पाठ राखायची, ते ठरवायचं. आणि हे सैनिक चक्क मराठीत बोलत होते.

"मी बघते, तुम्ही थांबा," असं दोन नंबर म्हणाला, तेव्हा मेघना उडालीच होती. तो तिच्या आईचा आवाज होता. म्हणजे सम्यकच्या प्रियांकाआत्याचा, पण शाळेतल्या मुलीचा. तीन नंबर "आयला, गोळ्या संपल्या," असं रडायचा, ते सूरजचे बाबा, काळुराम. आणि हल्ला करताना एक नंबर "चला रे," ओरडायचा, ते सम्यकचे पप्पा, प्रफुल्ल. आता बँकेत मान खाली घालून बसणारे पप्पा असं ओरडत असतील, हे सम्यकला अजून पटत नव्हतं.

चार नंबर मात्र कधी बोलला नव्हता. त्याला फाटक सोडून कुठे नेलंच नव्हतं ना.

त्या दुपारी मोहीम पहिल्यांदाच शेवटपर्यंत गेली. पूल उडाला. तिघे सैनिक धावत फाटकाशी आले. समोर ट्रक उभा. मागून शत्रूची गाडी. आणि हेडफोनमध्ये एक अनोळखी, जरा घोगरा, हसरा आवाज आला.

"मागे मी आहे. तुम्ही जा."

ट्रक निघाला. चार नंबर फाटकावरच पडला. पडद्यावर 'मोहीम अपूर्ण' असं आलं.

"हा कोण होता?" सम्यकने हेडफोन काढला.

"माझे बाबा नाहीत," सूरज म्हणाला.

"मामा पण नाही," मेघना म्हणाली. आवाज येताना तिनेही हेडफोनला कान लावला होता. "चौथं कोण होतं यांच्यात?"

तिघे उठले ते थेट काळुरामकाकांकडे. काका माल पोचवायला गेले होते. दीड-दोन तासांनी ते कोपऱ्यावर टेम्पोतून पाण्याचे जार उतरवताना सापडले. सम्यकने ते वाक्य तसंच्या तसं म्हणून दाखवलं. काकांनी हातातला जार खाली ठेवला आणि त्यावरच बसले.

"कुठे ऐकलंत हे?"

"गेममध्ये. कोण आहे तो, बाबा?"

"दौलत," काका म्हणाले.

दौलतकाकांना, म्हणजे प्रफुल्लच्या भावाला, मुलं ओळखत होती ती फोटोत. बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींच्या खाली लावलेला, मिसरूड फुटलेला मुलगा. सम्यकच्या जन्माच्या कितीतरी आधी तापाचं निमित्त झालं आणि ते गेले. त्यांच्याबद्दल घरात फारसं कोणी बोलत नसे.

"मे महिन्याची सुट्टी होती," काका सांगू लागले, आणि बघता बघता त्यांचा चेहराच बदलला. "त्या दुसऱ्या भागात सोय होती, माइक लावून आपले हुकूम आपणच रेकॉर्ड करायचे. ते गेमच्या पोटात जाऊन बसायचे. पंख्याची घरघर यायची म्हणून पंखा बंद करायचा. काय घाम यायचा सांगू. एका कॉम्प्युटरवर चौघं. मेलास की उठ, असा नियम. त्यात प्रियांका मरायची नाही, आणि आम्ही तिघं बसायचो हात चोळत."

"मग?"

"शेवटी एक वाक्य होतं. चौघंच्या चौघं जिवंत परत आले तरच वाजणारं. ते मी एकटाच बोलणार, म्हणाला दौलत. आम्हाला बाहेर हाकललं आणि दार लावलं. काय बोललास विचारलं, तर म्हणे मोहीम पूर्ण करा, मग ऐका."

"काय होतं ते?"

"कोणाला माहीत? मोहीम पूर्ण झालीच नाही. आठवड्याभरात तो आजारी पडला. नंतर त्या कॉम्प्युटरसमोर कोणी बसलंच नाही रे. प्रफुल्लने पुढे कधीतरी लावून बघितला, तर बंद पडलेला. सगळं गेलं असंच धरून चाललो आम्ही."

"आबा मला परवा म्हणाले," मेघना हळूच म्हणाली, "दौलतचा चेहरा दिसतो गं फोटोत, पण आवाज आता नीट आठवत नाही. टेपसुद्धा नाही कुठे."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं आणि घराकडे धूम ठोकली.

घरी खोली मोकळी झाली होती. टेबल अंगणात. भिंतीला शिडी. आणि कॉम्प्युटरच्या जागी रंगाचे डबे.

"पप्पा, कॉम्प्युटर कुठाय?"

"ते डबडं? भंगारवाल्या पंढरीच्या टेम्पोत टाकलं," प्रफुल्ल म्हणाले. "रंगारी आले, जागा नको? तसाही बंदच होता."

"बंद नव्हता!"

सगळी हकिकत ऐकताना प्रफुल्ल रंगाच्या डब्यावर टेकले ते उठेचनात. चूक मुलांचीही होतीच. आबांच्या झोपेला आणि पप्पांच्या 'अभ्यास करा'ला भिऊन त्यांनी इतके दिवस घरात अवाक्षर काढलं नव्हतं. अखेर पंढरीला फोन लागला. माल वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात उतरवला होता, आणि संध्याकाळच्या पाळीला तिथलं चुरा करायचं मशीन सुरू होणार होतं.

"तू इथे थांब," मागोमाग आलेले काळुरामकाका प्रफुल्लना म्हणाले. "आबांना काही कळू देऊ नकोस. पोरांनो, बसा टेम्पोत."

मुंब्रा बायपासवर ट्रकांची ही रांग लागलेली. सूरजने जारच्या झाकणांची नखं मारून वाट लावली. वागळे इस्टेटमध्ये पोचल्यावर टेम्पो लावायला जागा मिळेना, तेव्हा काका म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे, मी आलोच." मग ते गोल गोल फिरतच राहिले.

गाळ्याच्या दारात सुपरवायझर खुर्चीवर पाय घेऊन फोनवर मॅच बघत होता.

"ठाकुर्लीचा माल? गेला तो," त्याने मान वर न करता सांगितलं.

"कुठे गेला?"

"गेला म्हणजे गेला. चला, निघा."

मेघनाने सम्यकला कोपर मारलं. वजनकाट्याच्या शेजारी कीबोर्डांचा ढीग होता आणि त्यातून एक निळं बटण डोकावत होतं.

"गेलेला नाही," ती कोपऱ्यावर येऊन पुटपुटली. "हा बघायचा कंटाळा करतोय. सम्यक, तू आत. सूरज, तू दाराशी, मशीन सुरू करायला कोणी आलं तर शीळ घाल. मी याला बोलण्यात गुंतवते."

"हुकूम मी देतो," सम्यक म्हणाला.

"तुझ्या हुकुमाने रोज मरतो आपण."

मेघना सुपरवायझरसमोर जाऊन उभी राहिली आणि गाळ्याच्या पाटीवरचा एकेक शब्द मोठ्याने वाचून अर्थ विचारू लागली. सम्यक वाकून आत सटकला. आत सगळे डबे एकसारखे पिवळट. तो एकेकाला वळवून बघत गेला. शेवटी एकाच्या कुशीवर अर्धवट फाटलेलं 'जय भीम'चं स्टिकर दिसलं. पण डबा उघडा होता आणि आत हार्ड डिस्क नव्हती. मशीनजवळ टोपली होती, आणि त्यात काढलेल्या डिस्कांचा खच पडलेला. सगळ्या सारख्याच काळ्या-करड्या.

दाराशी शीळ वाजली.

सम्यकने टोपलीत दोन्ही हात घातले. धातूच्या कडा बोटांना लागत होत्या. तेवढ्यात खालून पांढरं काहीतरी दिसलं. बुटाची लेस. ती त्याने जी धरली, ती सुपरवायझरने त्याची कॉलर धरली तरी सोडली नाही.

"चोरी करतोस काय रे?"

"काका, एक मिनिट," मेघना मागोमाग आत आली. "तुमच्या पाटीवर लिहिलंय, डिस्क मालकाची सही घेऊन आणि मालकासमोरच नष्ट केली जाते. ही आमच्या घरची आहे. सही कोणाची घेतलीत?"

सुपरवायझर गडबडला. "ते... साहेब बघतात."

"आणि बाकीच्या सगळ्या अशा उघड्या टोपलीत? लोकांचे फोटो, कागद, सगळं असेल यात. मी फोटो काढलाय टोपलीचा. साहेबांना दाखवू?"

सुपरवायझरने कॉलर सोडली. "न्या तुमचा डबा. आणि तो फोटो काढून टाक, बाई."

"डबा टेम्पोत चढला की लगेच," मेघना म्हणाली. मॉनिटर आणि कीबोर्डही तिने आठवणीने मागून घेतले.

संध्याकाळी रंगाच्या वासातच कॉम्प्युटर पुन्हा लागला. घोडबंदर रोडचा ट्रॅफिक तुडवत प्रियांकाआत्या ऑफिसातून थेट आली. आबांना कोणी काही सांगितलं नव्हतं. "हे काय जमलंय सगळं?" असं म्हणत ते कॉटवर बसले होते. या वेळी हेडफोन नव्हता, काळुरामकाकांनी स्पीकर आणला होता.

पूल उडाला. तिघे धावत फाटकाशी आले. मागून शत्रूची गाडी.

"मागे मी आहे. तुम्ही जा."

मागे आबांची कॉट करकरली. कोणी मागे वळून बघितलं नाही. बघायची हिंमत नव्हती.

सम्यकने सवयीने ट्रककडे बोट नेलं. तेवढ्यात प्रफुल्ल बोलले. "त्याचं ऐकू नकोस. परत फिर. त्याला घेऊन ये."

"पण पप्पा, सगळेच मरतील."

"मी बघते, तू थांब," आत्या पुढे सरसावली. "दोन नंबरला भिंतीवर चढव. काळू, गोळ्या?"

"आहेत, आहेत अजून."

मग एकच कल्ला झाला. तीन मोठे आणि तीन लहान एकाच वेळी हुकूम सोडत होते, आणि निळं बटण सम्यकच्या बोटाखाली कुरकुरत होतं. दोन नंबरने गाडी अडवली. एक नंबर फाटकापर्यंत उलटा धावला. चार नंबर उठला आणि त्याच्या मागून निघाला. एक, दोन, तीन. आणि चार. ट्रकचा पडदा पडला.

स्पीकर जरा खरखरला. मग तोच घोगरा, हसरा आवाज आला.

"आबा, उठा. चहा झालाय. आम्ही चौघं आलोय."

आणि लगेच, लांबून, झोपेतून उठलेल्या माणसाचा वैतागलेला आवाज. "पंखा कोणी बंद केला रे?"

त्यावर दौलत खो खो हसला, आणि रेकॉर्डिंग तिथेच तुटलं.

प्रियांकाआत्याने तोंडावर ओढणी धरली होती. काळुरामकाका भिंतीला टेकले होते आणि ओल्या रंगाला त्यांची पाठ चिकटली होती, ते त्यांना कळलंही नव्हतं.

"तो दुसरा आवाज माझा आहे," आबा शेवटी म्हणाले. "त्याच खोलीत झोपलो होतो, उकडून जीव चालला होता. दौलतला ओरडलो होतो मी त्या दिवशी. आणि तो नुसता हसत होता." त्यांनी डोळे पुसले आणि हसले. "अस्सा हसायचा बघ."

प्रफुल्ल त्यांच्या पायाशी बसले. "आबा, मी आज ते भंगारात दिलं होतं."

"पोरांनी आणलं ना परत? मग झालं," आबा म्हणाले. त्यांनी तिघांना जवळ बोलावलं आणि एकेकाच्या डोक्यावर हात ठेवला. "शाब्बास रे. कोणाला मागे सोडलं नाहीत."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघे कॉम्प्युटरसमोर बसले. सम्यकने हेडफोन उचलला, तसे बाहेरून आबा आले आणि आतल्याच कॉटवर आडवे झाले.

"हेडफोन ठेव बाजूला," ते म्हणाले. "आणि पंखा बंद कर. आवाज नीट येऊ दे."

त्यांनी डोळे मिटले. मोहीम दोनदा फसली. सूरज घामाने निथळला, मेघना आणि सम्यक भांडले, पण आबांनी डोळे उघडले नाहीत. तिसऱ्यांदा चौघे ट्रकमध्ये चढले, स्पीकर खरखरला, आणि आवाजाने त्यांना हाक मारली.

"उठलो रे," आबा म्हणाले.