आवाज मधोमध यायला हवा

तुमचा विश्वास बसणार नाही, आणि बसलाच तर मला तुमची काळजी वाटेल. पण यातला एक शब्द जरी खोटा निघाला, तर गोष्ट तिथल्या तिथे बंद. मात्र मधे कोणी बोलायचं नाही. खिडकीशी लोकर घेऊन बसलेल्यांनी तर मुळीच नाही.

तर एका गल्लीत स्पीकर दुरुस्त करणारा एक तरुण होता. कान इतके तिखट, की शेजारच्या घरातलं घड्याळ मागे पडायला लागलं की हा इकडे अस्वस्थ व्हायचा. गल्लीनं त्याचं नाव कानसेन ठेवलं होतं. तोंड मात्र कानांच्या मानानं अगदीच जुजबी मिळालेलं.

एका भुरभुर पावसाच्या दुपारी त्याच्या दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात ती काचा घासायची. त्यानं तिला लांबून पाहिलं होतं... म्हणजे, बहुतेक रोजच. स्वतः चिंब भिजलेली, आणि छत्री सगळी कडेवरच्या स्पीकरवर. तोही शालीत गुंडाळलेला, तान्ह्या बाळासारखा.

"ताईच्या पोरानं अंगठा घातलाय," ती म्हणाली. "बाबांना अजून कळलेलं नाही. वाचेल का?"

स्पीकरच्या मधोमध जो कागदी घुमट असतो, तो आत दबून त्याची वाटी झाली होती. कानसेननं चिकटपट्टीचा तुकडा फाडला, करंगळीनं खळग्याच्या तळाशी अलगद बसवला आणि श्वास रोखला. काही कारण नसताना तिनंही रोखला. मग त्यानं पट्टी हळूहळू वर ओढली... टप्प! समोरच्या छपरावरची सगळी कबुतरं उडाली.

"एवढंच?" ती म्हणाली.

"एवढंच," तो म्हणाला, आणि लगेच जीभ चावली. चार दिवस ठेवून घ्यावा लागेल म्हटलं असतं, तर काय आभाळ कोसळणार होतं? आता ही कशाला येतेय परत?

पण आली की! पुढच्याच आठवड्यात, दोन्ही स्पीकर हातगाडीवर घालून. या खेपेला दुसऱ्याला खळगा.

"पुन्हा पोरगं?"

"पुन्हा पोरगं," ती म्हणाली, आणि भिंतीवरच्या स्विचकडे फार लक्ष देऊन पाहू लागली.

खळग्यात नखाची बारीक चंद्रकोर उमटली होती. एवढ्याशा पोराला एवढं लांब नख? शिवाय ताई तर पोराला घेऊन केव्हाच परत गेली होती, हे सगळ्या गल्लीला ठाऊक. त्यानं तिच्या हातांकडे पाहिलं. हात चटकन पिशवीमागे गेले. त्याचे ते सुप्रसिद्ध कान लाल झाले.

या वेळी मात्र त्यानं घाई केली नाही. जोडी एकत्र तपासावी लागते, असं गंभीर चेहऱ्यानं सांगून त्यानं तिला स्टुलावर बसवलं, दोन बाजूंना दोन स्पीकर ठेवले आणि एक गाणं लावलं. गाणारीचा आवाज ना उजवीकडून आला, ना डावीकडून. तो समोर, मोकळ्या हवेत, मधोमध उभा राहिला.

"ही तर... इथे आहे," ती हात पुढे करून म्हणाली.

मग त्यानं एका स्पीकरच्या लाल आणि काळ्या तारांची अदलाबदल केली. गाणारी नाहीशी झाली. नुसता आवाज भिंतींना चिकटून राहिला. दोघं हवा एकमेकांच्या उलट ढकलायला लागले की मधे कोणी उरत नाही, असं त्यानं समजावलं. भांडणाऱ्या घरासारखं, असं तिला वाटलं.

"सरळ करा ना," ती हळूच म्हणाली. "मला ती मधे हवी."

स्पीकर पोचवायला आणि जोडून द्यायला तो स्वतः गेला. बाबा आरामखुर्चीत होते. जोडणी चालू असताना त्यांनी कौतुकानं सांगितलं, की लेकीला दुसऱ्या शहरातल्या भिंगांच्या कारखान्यात बोलावलंय आणि उद्या संध्याकाळपर्यंत कळवायचंय. कानसेननं मान डोलावली, तारा जोडल्या आणि चहाला न थांबता निघाला.

दुसऱ्या दिवशी ती आली ती रिकाम्या हातानं. ती त्याच स्टुलावर बसली.

"काल गाणं लावलं, तर गाणारी मधे नव्हती. एका स्पीकरच्या तारा उलट्या होत्या."

कानसेनच्या हातून? अहो, तो झोपेतसुद्धा तारा सरळ जोडायचा!

"मी केल्या सरळ," ती म्हणाली. "आता ती इतकी मधे उभी राहते, की बाबांनी तिला वाट द्यायला पाय आखडून घेतले." ती हसली, मग हसायची थांबली. "पण तुमच्या हातून असं झालं कसं?"

"बाबा बोलत होते... तेव्हा."

"काय बोलत होते?"

"तुम्ही जाणार म्हणून."

ती आपल्या बोटांकडे पाहत राहिली. नखं अगदी बारीक कापलेली होती. बाहेर पाऊस थांबला होता, आणि संध्याकाळ व्हायला फार वेळ उरला नव्हता.

मग काय सांगू! कानसेन ताडकन उठला. हातातला पेचकस बाजूला ठेवला, तिच्या डोळ्यांत रोखून पाहिलं, आणि घशाला जराही कोरड न पडता खणखणीत आवाजात म्हणाला, "जाऊ नका. तुम्ही गेलात तर माझ्या सगळ्या तारा जन्मभर उलट्याच लागतील. लग्न कराल माझ्याशी?"

"खोटं," खिडकीशी सुया थांबल्या. "विचारलं मी. हे तेव्हा चिकटपट्टीचं टोक शोधत होते."