सतराव्या वर्षाची चुटकी

सिकाडा किड्यांच्या वर्षी, ऐन मे महिन्यात सफरचंदाची रोपं लावणारा माणूस एक तर वेडा असतो, नाहीतर बाहेरगावचा. लेनाने कुंपणाशी गाडी थांबवली. शेजारच्या जमिनीत एक उंच तरुण रोपांना पाणी घालत होता... वर शीळही घालत होता!

"अहो शेजारी, ही हौस कोणी सुचवली तुम्हाला?"

"माझी मीच. मी क्लेटन, शिकागोची नोकरी सोडून आलोय. का — रोपं वाकडी लागलीत?"

"रोपं सरळच आहेत. नशीब वाकडं आहे!" तिने जुन्या झाडाखालच्या जमिनीकडे बोट दाखवलं. मातीला भोकंच भोकं पडली होती. "सिकाडा. सतरा वर्षं मुळांचा रस पीत खाली बसलेत. आता वर येतील, गातील, जोड्या जमवतील... आणि माद्या तुमच्या कोवळ्या फांद्या चिरून अंडी घालतील."

क्लेटनचा चेहरा उतरला. "ही रोपं गेली तर मला गाशा गुंडाळावा लागेल."

लेनाला ते अजिबात आवडलं नाही. का, कोण जाणे.

संध्याकाळी ती माळ्यावरच्या जाळ्या घेऊन आली. इंडियानाच्या या भागात त्या घरोघरी असतात. आईने मागच्या खेपेला त्या घडी करून ठेवल्या, तेव्हा लेना पहिलीत होती. दोघांनी रोप न् रोप गुंडाळलं. बोटांना बोटं लागली की क्लेटन बांधलेली गाठ पुन्हा सोडायचा.

"गाठ जमत नाही वाटतं?"

"जमते... म्हणून तर!"

मग ते आले. लाल डोळ्यांचे, झाडाझाडावर, कान किटवणारे. क्लेटन लहान मुलासारखा प्रश्न विचारत सुटला.

"गातात ते नर. मग मादी काय करते?"

"त्याचं गाणं संपलं की लगेच पंख झटकते. तेवढाच तिचा होकार. बघ हं —" फांदीवरचा एक गाऊन थांबताच लेनाने चुटकी वाजवली. तो वळला, पुन्हा गायला. पुन्हा चुटकी. स्वारी तुरुतुरु तिच्या बोटाकडे निघाली.

"बिचाऱ्याला फसवतेस!"

"वेळ साधावी लागते, शहाण्या."

जून सरला, रान गप्प झालं. दोघं जाळ्या सोडायला लागले. आत रोपं हिरवीगार होती.

"लेना... पुढच्या खेपेला या जाळ्या मला एकट्याला जमायच्या नाहीत."

"सतरा वर्षांनी?"

"हो. तोवर तू इथे... म्हणजे माझ्याजवळ... राहशील?"

लेनाने त्याचं बोलणं संपू दिलं. तिने हात वर केला आणि चुटकी वाजवली.

जाळी तिथेच टाकून क्लेटन तिच्याकडे निघाला.