अंबिकेची उजवी धार

गुजरातेतल्या वघईच्या खाली अंबिका नदी वांसदा राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलाला बिलगून वाहते. रबरी होडीतून ते जंगल पार करायचं, हा उज्वलाचा बेत होता. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात नोकरी करणारी उज्वला नाशिकच्या एका साहसी मंडळाची सभासद होती. आदल्या वर्षी, २००२ साली, मंडळातले पुरुष याच नदीवरून अर्ध्यातून परतले होते. तिनं नाव पुढे केलं तेव्हा प्रमुख हसले.

"गंगापूर धरणात वल्हव हवं तेवढं! आणि गेलीसच, तर होडी खांद्यावर घेऊन काठानं चालायचं नाही. घेतलीस तर मोहीम बाद!"

"बघूच!" म्हणून ती वनखात्याची परवानगी काढायला निघाली.

ऑक्टोबरात होडी पाण्यात उतरली. सोबत सुरगाण्याची सरिता होती. सरकारी दवाखान्यातली नर्स, पट्टीची पोहणारी. तिसरे सटाण्याचे खंडेराव, निवृत्त कवायत मास्तर. मुलांनी घरी बसायला सांगितलं, म्हणून ते हट्टानं आले होते!

सकाळ मोठी देखणी होती. बांबूची बेटं पाण्यावर ओणवी झाली होती, सागाच्या रानातून धनेशाची जोडी पंख सळसळवत पलीकडे गेली, आणि हिरव्या संथ डोहातून होडी आवाज न करता सरकत राहिली.

मग पुढून घोंघावणं ऐकू आलं. नदी दुभंगली होती. डावीकडे खडकच खडक. उजवीकडे गुळगुळीत धार वळणाआड गेलेली.

"ताई, डावीकडं खडक दिसतात तरी," सरिता म्हणाली. "उजवीकडं नुसता आवाज येतो, दिसत काय नाय. काठाला लागू."

काठाला लागायचं म्हणजे होडी उचलायची! उज्वलाच्या कानात प्रमुखांचं ते हसू वाजलं.

"नाही! उजवीकडे घ्या!"

वळण आलं. धारेत आडवा पडलेला प्रचंड साग! पाणी त्याच्या फांद्यांतून गाळून निघत होतं.

"मागे! मागे वल्हवा!"

उशीर झाला होता. होडी खोडावर आदळली. खंडेराव उडाले आणि फांद्यांखाली गेले. वर दिसत होती फक्त एक मूठ, फांदी घट्ट धरलेली.

उज्वलानं कमरेला दोर बांधला. सरितानं दुसरं टोक खोडाला वळसा देऊन ताणून धरलं. उज्वला खोडावरून सरपटली. पाण्यात हात घातला. लाइफ जॅकेटचा पट्टा फांदीत अडकला होता! तिनं चाकू चालवला. एकदा. दोनदा. पट्टा तुटला!

"ओढ, सरिता!"

काठावर पडल्या पडल्या खंडेरावांनी पाणी ओकलं. एक मनगट सुजलं होतं.

"होडी शे का?" त्यांनी विचारलं.

होडी फांद्यांत अडकून शाबूत होती. दोघींनी ती दोरानं ओढून काढली.

"चुकलं माझं, मास्तर."

"चुकलं ते चुकलं. आता माझ्यापायी थांबू नको. पाण्यातूनच जाऊ."

उज्वलानं पुढे पाहिलं. धारेत आणखी झाडं आडवी होती.

"उचल गं होडी!"

"अन् मंडळ?" सरितानं विचारलं.

"मंडळ या धारेत नव्हतं!"

दोघींनी होडी खांद्यावर घेतली. खंडेराव दुसऱ्या, धड हातानं बांबू बाजूला सारत पुढे चालले. काटे रुतले, खांदे सोलले, पाय घसरले. धार संपल्यावर शांत पाणी लागलं. होडी पुन्हा उतरली, आणि ऊन कलता कलता जंगल मागे पडलं.

पहिल्याच गावाच्या काठावर एक बाई कपडे धूत होती. तिनं तिथल्या कोकणा आदिवासींच्या बोलीत काहीतरी विचारलं. सुरगाण्याच्या सरिताला ती बोली कळत होती; ती हसली.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, तुमच्याकडं बाया होड्या चालवतात का?"

उज्वलानं होडी काठाला लावली. वल्हं आडवं ठेवून ती म्हणाली,

"चालवतात म्हणावं! आणि उचलतातसुद्धा!"