परसातली मोटारबोट

बाजारात चुना आणायला गेलो आणि बैलगाडीवर मोटारबोट लादून घरी आलो, असं सांगितलं की लोक हसतात. तुम्हीही हसून घ्या. छत्तीस सालचा वैशाख होता. मी तेव्हा भोरला कचेरीत कारकून होतो आणि मोडकी वस्तू दिसली की माझे हात शिवशिवत.

त्यातून त्या वर्षी मला घरात बसवतच नव्हतं. सौदामिनीला, म्हणजे माझ्या बायकोला, सातवा महिना लागला होता. याआधी दोनदा पाचव्यातच गेलं होतं. डॉक्टरांनी माहेरचा प्रवासही करू दिला नाही. काळजीनं माझा जीव नुसता वरखाली होई. हाताला काहीतरी काम हवं होतं.

बोट चौदा फुटी, सागवानी. भाटघरचं धरण झालं तेव्हा कुणा साहेबानं हौसेनं आणलेली. साहेब गेल्यावर ती माणसांना पल्याड न्यायला वापरू लागले आणि एका वावटळीत उलटली. दोन वर्षं गाळात रुतून होती. उन्हाळ्यात पाणी आटलं तेव्हा लोकांनी ती ओढून काढली आणि सरपणासाठी बाजारात आणली. मी ती परसात ठेवली, रंग खरवडला, सांध्यांत राळेत भिजवलेला कापूस ठासला. इंजिन खोलून माजघरात पसरलं. सौदामिनी म्हणाली, "पाळण्याला तरी जागा ठेवा हो."

चिमाजी सुतारानं फळ्यांवरून हात फिरवला. "भाऊसाहेब, लाकूड पार वाळलंय. गाडीचं चाक ढिलं झालं की आमी पान्यात टाकतो. हिच्यात पानी भरून ठिवा. फळ्या फुगत्याल, सांधं मिटत्याल."

विहिरीच्या साठ घागरी ओतल्या. दोन दिवस बोट गळली, तिसऱ्या दिवशी थांबली. मी खूष. पाणी उपसलं, आतून पुसून काढलं. आता रंग द्यायचा.

दुसऱ्या दिवशी जेवायला घरी आलो तर बोटीत घोटाभर पाणी. खालची माती मात्र कोरडी ठाक. आणि ते विहिरीचं पाणी नव्हतं. गढूळ होतं, नुकत्याच लावणी केलेल्या खाचराचा वास येत होता. तांब्यानं उपसून टाकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच. तिसऱ्या दिवशी थोडं जास्त.

चिमाजीनं त्यात बोटं बुडवली, वास घेतला आणि हात धोतराला पुसला.

"पल्याडची ठकुबाई बाजारला येत हुती हिच्यातनं, त्या वावटळीत," तो हळूच म्हणाला. "आठवा म्हैना हुता तिला. बाकीची समदी घावली... ती न्हाई घावली. बोट जिथली तिथं नेऊन टाका, भाऊसाहेब."

मी ऐकलं नाही. मी हट्टी, आणि भीती वाटतेय हे सुताराजवळ कबूल कसं करायचं? पण त्या रात्री माझा डोळा लागला नाही.

रविवारी दुपारी माजघरात सौदामिनी दिसेना म्हणून परसात गेलो. ती बोटीत बसली होती, पाय पाण्यात सोडून.

"अगं, हे काय!"

"पाय जळजळतात हो... इथं गार वाटतं." मग आवाज उतरवून म्हणाली, "आणि सोबत असते."

"कुणाची?"

तिनं शेजारच्या रिकाम्या फळीकडे पाहिलं. "त्यांचेही दिवस भरत आलेत..."

मी तिला हाताला धरून आत आणली, निजवली आणि माजघराच्या उंबऱ्यावर बसून राहिलो. सांजेला चिमाजीला बोलावून बोट फोडायची, हे तिथंच ठरवलं. ऊन रखरखत होतं. सौदामिनीला झोप लागली. तेवढ्यात परसदारातून बाईचा आवाज आला. दमलेला, अदबीचा.

"वहिनी... येते हं..."

कुणी शेजारीण निरोप घेतेय असं वाटून, सवयीनं माझ्या तोंडून गेलं, "बरं, या."

बोलून गेलो आणि मग ध्यानात आलं, घरात कुणी आलंच नव्हतं. परसात धावलो. बोटीत पाण्याचा टिपूस नव्हता. वाससुद्धा गेला होता. मला आनंदानं रडू यायचं बाकी राहिलं. गेली बिचारी, निरोप घेऊन गेली!

सांजेला चिमाजी कुऱ्हाड घेऊन आला तेव्हा त्याला सारं सांगितलं. त्यानं कुऱ्हाड खाली ठेवली.

"येते म्हनली?"

"हो. म्हणजे निघाली."

"निघायला आधी घरात यावं लागतंय, भाऊसाहेब. ती तर भाईरच हुती..." त्यानं परसदाराच्या उंबऱ्याकडे बघितलं. "आन तुमी या म्हनला."

बोट आम्ही तेव्हाच फोडली आणि जाळली. पुढे सौदामिनी सुखरूप बाळंत झाली, मुलगी झाली. आमची सुलू आता आठ वर्षांची आहे आणि माझा सगळा जीव तिच्यात आहे. शहाणी आहे, अभ्यासात हुशार आहे. एकच खोड. घरातून निघताना ती "जाते" म्हणते. आई रोज रागावते, "जाते म्हणू नये गं, येते म्हणावं." ऐकत नाही.

काल मी तिला जवळ घेऊन समजावत होतो. दप्तराचे बंद बांधता बांधता, वर न बघता, दमल्या आवाजात ती म्हणाली, "येते एकदाच म्हणायचं असतं, बाबा. तुम्ही तेव्हा या म्हणालात ना..."

चिमाजी सुलूच्या जन्माआधीच वारला, आणि सौदामिनीला मी त्या दुपारचं आजवर काहीही सांगितलेलं नाही.