पाठ केलेली अक्षरं

“डोळे मीट, म्हणजे दिसेल…”

आईचा तो आवाज अजून कानात आहे. मी पाच वर्षांची, समोर वाफाळतं ताट, जेवणाआधीची प्रार्थना. मी डोळे घट्ट मिटायचे. काहीच दिसायचं नाही. “दिसलं?” आई विचारायची, आणि मी मान डोलवायचे.

मोठी होऊन मी लोकांचे डोळे तपासू लागले.

ती आली, तेव्हा माझ्या चष्म्याच्या दुकानाच्या काचेवर दुपारचं ऊन सांडलं होतं. बस चालवायची ती. परवान्यासाठी दृष्टीचा दाखला हवा होता. खुर्चीत बसली आणि समोरचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत धडाधडा म्हणून मोकळी झाली. फक्त, तो तक्ता मी त्याच सकाळी बदलला होता.

“ही अक्षरं इथे नाहीत,” मी म्हटलं.

“नाहीत?” तिने डोळे बारीक केले. “अख्ख्या डेपोने पाठ केलीत हो ती. आता सगळेच बुडणार.”

मी हसू दाबत तिच्या डोळ्यांपुढे एकेक भिंग धरू लागले. हे बरं, की आधीचं?

“आधीचं… नाही, पुन्हा दाखवा. तुम्ही इतक्या जवळ आलात की काही सांगता येत नाही.”

मग दर आठवड्याला तिच्या चष्म्याचा स्क्रू ढिला व्हायला लागला. ढिला कधीच नसायचा. मी तरी तो घट्ट करायचे, सावकाश. सुट्टीच्या दिवशी तिच्या बसने शेवटच्या थांब्यापर्यंत जायचे, आणि आरशातून ती माझ्याकडे पाहायची — नव्या चष्म्यातून, अगदी स्पष्ट.

माझं मन मुलीवरच जडतं, हे घरी मी आधीच सांगितलं होतं. आई वर्षभर माझ्याशी धड बोलली नाही. मग शेजारणीची भाची तशी निघाली, मावशीच्या कचेरीतली एक तशी निघाली, आणि एके दिवशी आई माझे केस विंचरताना म्हणाली, की देवानेच तुला असं घडवलं, तर नाही म्हणणारी मी कोण?

त्या एका वाक्यावर माझं घर उभं होतं. त्यातला देव मी काढणार कसा?

तिला घरी जेवायला बोलावलं. मावशीही आली होती. प्रार्थना झाली आणि मावशी फणकारली, की पाहुणीचे डोळे सताड उघडे होते. मावशीच्या मिटलेल्या डोळ्यांना ते कसं दिसलं, असं पाहुणीने हसून विचारलं. मग हसू आवरून सरळ सांगितलं, की ती देव मानत नाही. मावशीने ताट पुढे सारलं. मुलीचं मुलीवर प्रेम, तेही आम्ही गिळलं, आता हेही का?

आई माझ्याकडे वळली. “तू तरी मानतेस ना?”

“हो,” मी म्हणाले.

माझ्या शेजारी तिने आपला चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

बसथांब्यावर ती मग म्हणाली, “आपल्यासारख्या मुली घरोघरी दिसायला लागल्या, कारण कुणीतरी तोंड उघडलं. तूही उघडलंस. पण तुझ्यासारखे न मानणारे घरोघरी डोळे मिटून बसलेत. कुणाला कसे दिसणार? आज तुझ्या घरात मी एकटीच होते… आणि तू शेजारी बसली होतीस.”

“आई तुटेल गं.”

“तुटेल कदाचित.” तिने माझा हात सोडला. “पण मला तुझ्याबरोबर राहायचंय, तुझ्या पाठांतराबरोबर नाही.”

तिने लांबच्या शहराच्या गाडीवर बदली मागून घेतली. मी फोन केले, वाजत राहिले. तिच्या जागी आता एक गृहस्थ बस चालवतात. आरशात ते फक्त रस्ता पाहतात.

काल आईने ताटं वाढली. दोनच. डोळे मिटून ती म्हणू लागली, आणि माझे ओठ सवयीने हलले… मग थांबले. आईचा आवाज एकटाच पुढे गेला, अडखळला. तिने डोळे उघडले. माझे उघडेच होते.

“आई,” मी म्हणाले, “मी देव मानत नाही. तू विचारायचीस तेव्हाही मला काहीच दिसायचं नाही.”