परतीचा भार

आमच्या फ्लाइंग क्लबातल्या दोन सीटांच्या विमानाला सगळे म्हातारी म्हणतात. मी तिथली मेकॅनिक. म्हातारी कुठे कुरकुरते, कशाने रुसते, गारठ्यात पहिल्या झटक्याला का सुरू होत नाही, हे मला माझ्या गुडघ्यांच्या दुखण्यापेक्षा जास्त माहीत आहे. एकोणीस वर्षं झाली. म्हणून ही हकिगत मीच सांगितलेली बरी. कल्पनेचे घोडे दामटणं मला जमत नाही. मी फक्त माप घेते आणि लिहून ठेवते.

कॅप्टन आठवडाभर एका विमान कंपनीचं मोठं प्रवासी जेट उडवायचा आणि रविवारी सकाळी विश्रांती म्हणून म्हातारी उडवायला यायचा. तो उडायला शिकला तोच तिच्यावर. तेव्हापासून तो मला ताई म्हणतो आणि आमचं एकमेकांना अरे-तुरे चालतं. त्याच्या छंदांची यादी करायची तर दिवस मावळेल. ढगांचे फोटो काढायचा. बंद पडलेली घड्याळं उघडायचा आणि तशीच बंद अवस्थेत मिटायचा. घरी पाव भाजायचा. त्याचा एक पाव मी चाकापुढे अडकण म्हणून लावून पाहिला होता, विमान जागचं हललं नाही.

पण खरा जीव नाण्यांवर. ज्या गावात मुक्काम पडेल तिथलं एक नाणं तो ठेवून घ्यायचा, आणि तेही सुट्ट्यांमधून आलेलं. विकत घेतलेलं त्याला चालत नसे. हौसेला मोल नसतं म्हणतात. त्याच्या नाण्यांना तर बाजारातही नव्हतं. तरी एकेका नाण्याची गोष्ट तो अशी रंगवायचा की माझ्या हातातला चहा गार होऊन जायचा.

त्याची बायको दातांची डॉक्टर. तिला विमान लागतं, त्यामुळे ती म्हातारीत कधी बसली नाही. दुपारी गाडी घेऊन त्याला न्यायला तेवढी यायची.

तर, एका लख्ख रविवारी तो नेहमीप्रमाणे एकटाच नदीच्या वळणापर्यंत जाऊन परत आला. इंजिन बंद करून डाव्या दाराने उतरला. मी चाकांना अडकण लावायला वाकले, तर उजव्या चाकाचा पाय दोन बोटं दबलेला. उजव्या सीटवर माणूस बसला की तो तेवढाच दबतो. सीट तर रिकामी होती. मी बघत राहिले, आणि माझ्या डोळ्यांसमोर तो पाय हळूहळू वर आला. उजवं दार बंदच होतं.

मला कारण लगेच सुचलं. आतलं रबर झिजलं असणार. मी नवं बसवलं आणि स्वतःवर खूश झाले. पुढच्या रविवारी चाक पुन्हा दबलेलं आलं, पुन्हा सावकाश वर उठलं.

तिसऱ्या रविवारी उजव्या सीटचा पट्टा बांधलेला सापडला. मी पट्टे नेहमी सोडून ठेवते. आणि पट्ट्याखाली, सीटच्या मधोमध, एक नाणं. बराच वेळ मुठीत धरलेलं असावं तसं कोमट होतं.

कॅप्टनला आकाश ठेंगणं झालं. भिंगातून त्याने ते उलटसुलट पाहिलं. एका बाजूला झाड, दुसऱ्या बाजूला अक्षरं, पण कुठल्या लिपीतली ते कळेना. कुणीतरी भाडं ठेवून गेलं ताई, असं म्हणून तो हसला. मीही हसले. मग मी सीट काढून खाली पाहिलं, तर आधीच्या दोन रविवारांची दोन नाणी सांदीत पडलेली होती.

मग दर रविवारी एक नाणं मिळू लागलं. कधी जाडजूड आणि भोकाचं, कधी आठ कोनांचं, कधी पापडासारखं पातळ. कुठलंच दुसऱ्यासारखं नव्हतं. त्याच्या ओळखीच्या जुन्या नाण्यांच्या दुकानदाराने दोन तास पुस्तकं चाळली आणि शेवटी, अशी नाणी कुठे पाडतात ते मला ठाऊक नाही, असं सांगून चक्क हात जोडले. कॅप्टनने त्यांच्यासाठी निळ्या मखमलीचा वेगळा अल्बम केला. त्याचा तो आनंद बघून मलाही रविवारची ओढ लागली होती, हे कबूल केलं पाहिजे. आम्ही पैजा लावायचो, आज गोल की चौकोनी.

मी मापं घेत होते. जाताना दोन्ही चाकं सारखी, येताना उजवं दबलेलं. पट्टा मात्र दर वेळी वेगळ्या लांबीचा. एकदा तो ढेरपोट्या माणसाला लागेल इतका शेवटपर्यंत सोडलेला होता. एकदा इतका आवळलेला, की त्यात पाच-सहा वर्षांचं मूलच मावावं. त्या दिवशी आमच्यापैकी कुणी विनोद केला नाही. पण नाण्यावर इतका देखणा पक्षी होता, की कॅप्टन गाडीपर्यंत शीळ घालत गेला.

अकराव्या रविवारी मी म्हटलं, आज उजव्या सीटवर मी.

म्हातारीत मी कितीतरी वर्षांनी बसले. हवा काचेसारखी स्वच्छ होती. खाली शेतांचे चौकोन, दोऱ्यासारखे रस्ते, गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी. एखादी गाठ सुटावी तशी मी हलकी झाले. कॅप्टन मला ढगांची नावं सांगत होता. त्यातली निम्मी त्याने स्वतःच ठेवलेली असावीत. मी खदखदून हसत होते.

नदीचं वळण आलं. कॅप्टनने विमान परत फिरवलं, आणि विमानाचं नाक वर उचललं गेलं.

शेपटीकडे भार आला की असं होतं. कॅप्टनने न बघता एक चक्र फिरवून तोल साधला. हाताला सवय झाल्यासारखं.

"दर वेळी इथेच?" मी विचारलं.

"इथेच."

आमच्या सीटांमागे बॅगा ठेवायला अरुंद फळी आहे. तिथून कुणीतरी घसा खाकरला. बैठकीत उशिरा आलेला माणूस खाकरतो तसा, हळूच, कुणाला त्रास नको म्हणून.

मी मागे वळून पाहिलं नाही. मान वळेचना.

कॅप्टन समोर बघत होता. "दहा मिनिटं," तो म्हणाला. "आरामात बसा."

मला तो कधी बसा म्हणत नाही.

म्हातारी लोण्यासारखी उतरली. इंजिन थांबलं. शेपटी सावकाश वर उठली. फळीवर कोमट नाणं होतं.

आम्ही बाकावर जाऊन बसलो. मी वही उघडून त्याला मापं दाखवली. येताना प्रत्येक वेळी वेगळा माणूस, आणि जाताना कधीच कुणी नाही. म्हणजे एकेकाला आपण इथे आणून सोडतोय. परत कुणी गेलेलं नाही.

तो आधी हसला. मग ते हसू मधेच संपलं. आम्ही मैदान न्याहाळलं. कापलेलं गवत, वाऱ्याची दिशा दाखवणारी खांबावरची फुगलेली पिशवी, तारेचं कुंपण, ऊन. कुंपणापाशी काही नव्हतं.

तेवढ्यात त्याची बायको गाडी लावून कुंपणाच्या फाटकातून आत आली. तिला आम्ही यातलं एक अक्षर सांगितलेलं नव्हतं. भलतीसलती नाणी घरात आणतो म्हणून ती आधीच वैतागलेली असायची. आज मात्र स्वारी खुशीत होती. आज क्लबात काय विशेष, तिने विचारलं. कुंपणाला लागून केवढी माणसं उभी आहेत.

"किती?" कॅप्टनने विचारलं.

ती म्हणाली, दहा-अकरा असतील. एक लहान मुलगीसुद्धा आहे, मोठी गोड. आणि काय अदब. फाटकात त्यांनी तिला बाजूला होऊन वाट करून दिली. त्यातले एक आजोबा तर अगदी आत्ता येऊन मिळाल्यासारखे कपडे झटकत होते. त्यांनी तिच्यापाशी नवऱ्याचं तोंड भरून कौतुक केलं. फार अलगद उतरवतात म्हणाले.

मी फाटकाकडे पाहिलं. ते उघडंच होतं.

"आणखी काय म्हणाले?" कॅप्टनचा आवाज अगदी साधा होता.

"इतर दिवशी तुम्ही काय उडवता ते विचारत होते. मी सांगितलं, मोठं जेट, एकशे ऐंशी सीटा." तिने किल्ली पर्समध्ये टाकली. "नदीवरून जातं का म्हणाले. म्हटलं, जातंच. इतका आनंद झाला त्यांना, एकमेकांचे हात धरले त्यांनी. घरची बरीच मंडळी मागे राहिलीत म्हणे."

कॅप्टन बाकावरून उठून उभा राहिला.

"मी म्हटलं, अहो, पण उद्या सकाळचं विमान पूर्ण भरलंय. तर ते आजोबा म्हणाले, काही हरकत नाही. आम्ही सरकून बसू."